उमेदवारी : मुंबईतील उपयोजित कलेच्या शिक्षणातील एक दुर्लक्षित प्रकरण

१

मुंबईतील कलाशिक्षणाचा इतिहास सामान्यतः संस्थांच्या अनुरोधाने सांगितला जातो. सर जमशेटजी जिजीभाई यांची देणगी, कलाशाळेची स्थापना, तेथे एकामागून एक आलेले प्राचार्य, अभ्यासक्रमांतील फेरफार आणि अखेरीस उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था, असा त्याचा क्रम असतो. या क्रमात खोटे काही नाही. परंतु त्यात एक मोठी जागा मोकळी राहते. चित्रांची गुंडाळी काखेत घेऊन परगावाहून आलेला विद्यार्थी शाळेचा वर्ग संपल्यावर, किंवा वर्गात प्रवेशच न मिळाल्यास त्याच्याऐवजी, ज्या छापखान्यांत, ब्लॉक तयार करण्याच्या कारखान्यांत, सिनेमाचे फलक रंगविण्याच्या आवारांत आणि जाहिरातसंस्थांत काम शिकला, त्या जागांचा आणि तेथे घालविलेल्या काळाचा विचार या इतिहासात क्वचितच केलेला आढळतो.

या काळाला मराठीत एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे उमेदवारी. मूळ फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा; आणि उमेदवार म्हणजे आशेवर असलेला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये, म्हणजे मुंबईच्या कलाशाळेचे वर्ग सुरू झाले त्याच वर्षी, प्रसिद्ध झाली. त्या काळच्या व्यवहारात, कचेरीत काही जागा मिळेल या अपेक्षेने ताटकळत राहिलेला मनुष्य हा या शब्दाचा ठळक अर्थ होता. असा मनुष्य कचेरीत येई, कागद नकलून देई, वरिष्ठांची कामे करी आणि जागा रिकामी होण्याची वाट पाही. याच व्यवहारातून ‘वकिलाकडे उमेदवारी करणे’, ‘छापखान्यात उमेदवारी करणे’ असे प्रयोग रूढ झाले आणि उमेदवारी या शब्दाला काम करता करता शिकण्याचा अर्थ प्राप्त झाला.

तथापि मराठीने ‘उमेद’ या शब्दाला आशेपलीकडचा आणखी एक अर्थ दिला आहे. ‘उमेदीचा माणूस’, ‘उमेद खचणे’, ‘उमेदीची वर्षे’ या प्रयोगांत उमेद म्हणजे अंगातील जोम, धडाडी. म्हणून मराठी कानाला उमेदवारी या शब्दात दोन गोष्टी एकदम ऐकू येतात : आशेवर काढलेले दिवस आणि अंगातील जोमाची वर्षे. उमेदवार आपली उमेदीची वर्षे उमेदीवर खर्च करतो. हा खर्च प्रत्यक्षात कोणी सोसला, त्याच्या बदल्यात शहराने काय दिले आणि काय राखून ठेवले, हा प्रश्न मुंबईतील उपयोजित कलेच्या इतिहासाला विचारणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

२

कलाशाळा स्थापन होण्यापूर्वी मुंबईत अक्षर आणि आकृती यांचे शिक्षण मिळत नव्हते असे नाही. ते छापखान्यांत मिळत होते. अमेरिकन मिशनचा छापखाना एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबईत सुरू झाला, आणि धर्मप्रसारासाठी उभारलेली ही संस्था मराठी मुद्रणाची पहिली मोठी पाठशाळा ठरली. तेथील काम पाहून व करून तयार झालेल्या गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचे यंत्र उभारले, शिळाछापाची शाई व इतर साहित्य स्वतःच्या प्रयोगांनी सिद्ध केले आणि १८३१ मध्ये छापील मराठी पंचांग लोकांपुढे ठेवले. छापील पंचांगाविषयी तत्कालीन समाजात किती साशंकता होती हे ध्यानात घेतले म्हणजे या उद्योगाचे धाडस कळते.

त्याच छापखान्यात जावजी दादाजी या गरीब घरच्या मुलाने, वयाची दहा-बारा वर्षेही नीट पुरी झाली नसतील अशा वेळी, खिळे घासण्याच्या कामापासून आरंभ केला. ओतलेल्या खिळ्याची कड घासून साफ करणे हे कारखान्यातील सर्वांत खालचे काम. परंतु ते करणाऱ्याच्या बोटांखालून प्रत्येक अक्षराची जाडी, उंची आणि बैठक जात असे. थॉमस ग्रॅहम यांच्या देखरेखीखाली तेथे नागरी खिळ्यांचे आकार सुधारण्याचे काम चालले होते, ते या मुलाला रोज समोर दिसत होते. पुढे शहरातील इतर छापखान्यांचा अनुभव घेऊन जावजींनी १८६४ मध्ये स्वतःचा टाइपाचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध व सुबक आवृत्त्यांमुळे हे नाव देशभर आणि देशाबाहेरही पोहोचले.

या यशामागे आणखी एक नाव आहे, आणि ते फार थोड्यांच्या स्मरणात आहे. निर्णयसागरच्या अक्षरांचे पोलादी ठसे कोरणारे कारागीर राणूजी रावजी आरू होत. नागरीत जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या यांमुळे एका संचाला शेकडो खिळे लागतात. त्यांतील प्रत्येकाचा ठसा आधी उलटा कोरावा लागे, आणि इतके सर्व ठसे एका हातचे वाटावेत अशी त्यांची ठेवण राखावी लागे. ही विद्या कोणत्याही पुस्तकात नव्हती. कोरणाऱ्याच्या शेजारी बसून, त्याच्या हाताकडे पाहून आणि बिघडलेल्या ठशांवर हात बसवूनच ती शिकता येत होती. वाचकाच्या मनात मात्र ते अक्षर ‘निर्णयसागरचे’ म्हणून राहिले. छापखान्याचे नाव प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आले. अक्षर ज्याच्या हातचे त्याचे नाव आले नाही.

३

सर जमशेटजी जिजीभाई यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले तेव्हा त्यांच्या मनातील कलाशाळा चित्रकारांची नसून उद्योगाला उपयोगी पडणाऱ्या कारागिरांची होती. २ मार्च १८५७ रोजी एलफिन्स्टन संस्थेत रेखाटनाचे वर्ग सुरू झाले. १८६५ च्या सुमारास इंग्लंडहून तिघे शिक्षक आले आणि शाळेत तीन कार्यशाळा निघाल्या. सजावटीचे रंगकाम जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे, वास्तुशिल्प जॉन लॉकवुड किपलिंग यांच्याकडे आणि शोभेचे लोहकाम हिगिन्स यांच्याकडे होते.

या तारखांचा शहराच्या तारखांशी मेळ घालून पाहिला पाहिजे. कापसाच्या भाववाढीने मुंबईत पैसा आला होता, किल्ल्याचा तट पाडला गेला होता आणि मोकळ्या झालेल्या जागेवर मोठमोठ्या सार्वजनिक इमारती उठत होत्या. त्यांना कोरीव दगड, मुखवटे, वेलबुट्टी आणि जाळ्या हव्या होत्या. १८६९ मध्ये पुऱ्या झालेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरील उठावचित्रे किपलिंग यांची आहेत. आणि १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या इमारतीवरील शोभेचे काम ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केले. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्थानकावरून रोज लाखो माणसे जातात. तेथील दगडी पाने, पक्षी आणि प्राणी हा एका पिढीच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास आहे.

म्हणजे या काळात विद्यार्थ्याला काम शोधीत शहरात हिंडावे लागत नव्हते. शहराचे बांधकाम हीच त्याची कार्यशाळा होती, आणि शाळा ही त्या कामाची मक्तेदार होती. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकलांचा उपक्रमही याच पद्धतीचा. १८७२ पासून १८८५ पर्यंत, मध्ये खंड पडत, ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना लेण्यांत नेत राहिले. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे चित्रकार त्या कामात घडले. विद्यार्थ्याच्या श्रमाचा शाळेला उपयोग व्हावा आणि त्या श्रमातूनच त्याचे शिक्षण व्हावे, अशी ही रचना होती.

ही रचना टिकली नाही. मोठ्या बांधकामांचा भर ओसरला आणि शाळेचा कल हळूहळू चित्रशिल्पाकडे, पदकांकडे आणि प्रदर्शनांकडे वळला. १८९१ मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने हस्तव्यवसायांच्या कार्यशाळा शाळेच्या आवारात उघडण्यात आल्या. परंतु चित्रवर्ग आणि कारखाना यांत एकाच कुंपणाच्या आत अंतर पडू लागले होते. भाषेच्या दृष्टीने येथे एक गोष्ट नोंदण्याजोगी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी १८७८ मध्ये पुण्यात रंगीत चित्रे छापण्याचा कारखाना काढला, त्याचे नाव ‘चित्रशाळा’. इकडे मुंबईच्या कलाशाळेला ‘कार्यशाळा’ जोडाव्या लागल्या. कारखान्याने स्वतःस शाळा म्हणवून घ्यावे आणि शाळेने आपल्या आवारात कारखाना उघडावा, हा नामव्यवहार योगायोगाचा नसावा. शिकणे कोठे संपते आणि काम कोठे सुरू होते याची सीमारेषा त्या काळी निश्चित झालेली नव्हती, असेच त्यावरून दिसते.

४

परगावाहून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने शहराचे दर्शन कसे घडत होते, याचे सर्वांत भरीव साधन महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या आयुष्यात सापडते. १८६७ मध्ये जन्मलेले धुरंधर कोल्हापुरात वाढले. ज्यांच्या चित्रांनी त्यांना मोहिनी घातली ते आबालाल रहिमान मुंबईच्या कलाशाळेत शिकून आले होते. म्हणजे शहराची वाट आधी गेलेल्या एका माणसाने दाखविली होती. जानेवारी १८९० मध्ये धुरंधर शाळेत दाखल झाले आणि १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळवून नावारूपास आले. पुढे तेथेच अध्यापक होऊन ते संचालकपदाच्या जबाबदारीपर्यंत पोहोचले. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मवृत्ताला त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे नाव दिले. शाळेला ते मंदिर म्हणतात हे लक्षणीय आहे. तथापि त्यांच्या चित्रांचे विषय पाहिले तर देवता मंदिराबाहेरच्या रस्त्यावर होती असे म्हणावे लागते.

एस. एम. एडवर्ड्‌स यांच्या मुंबईवरील पुस्तकासाठी आणि ओटो रोथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकासाठी धुरंधरांनी चित्रे काढली; पोस्टकार्डे, पुस्तकांची वेष्टने, जाहिराती यांसाठीही त्यांनी विपुल काम केले. या चित्रांत पगड्यांचे प्रकार, लुगडी नेसण्याच्या तऱ्हा, कामावर निघालेली माणसे, बाजारातील बायका यांची अचूक नोंद आहे. कोल्हापुरात एका प्रकारची पगडी पाहिलेल्या डोळ्यांना येथे एकाच चौकात वीस प्रकारची पागोटी दिसली असतील. परगावच्या माणसाला जे नवल वाटते ते शहरच्या माणसाला दिसेनासे झालेले असते. विद्यार्थ्याला शहर प्रेरणा देते असे आपण सहज म्हणतो; धुरंधरांच्या बाबतीत या प्रेरणेचे स्वरूप नेमके सांगता येते. माणसामाणसांतील भेद बारकाईने पाहण्याची आणि तो वेशातून, उभे राहण्याच्या ढबीतून टिपण्याची सवय त्यांना या शहराने लावली.

याच काळात व्यावसायिक मुद्रणाचे नवे दालन उघडले. राजा रविवर्मा यांचा शिळाप्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांतच लोणावळ्याजवळ मळवलीस हलला. देवादिकांची रंगीत चित्रे घरोघर भिंतींवर लागली. शाळेत शिकलेल्या हाताला आता सरकारी इमारतींखेरीज एक नवा आश्रयदाता मिळाला होता, तो म्हणजे चार-आठ आण्यांचे चित्र विकत घेणारा सामान्य गिऱ्हाईक.

५

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या आणि चौथ्या दशकांत उमेदवारीच्या जागा झपाट्याने वाढल्या. सिनेमाला फलक आणि शोकार्डे हवी होती. वृत्तपत्रांना ब्लॉक हवे होते. गिरण्यांच्या कापडाला छाप, औषधांना आणि साबणांना वेष्टने हवी होती. जे. वॉल्टर थॉम्सन या अमेरिकन जाहिरातसंस्थेने १९२९ मध्ये मुंबईत कचेरी उघडली. इतर संस्था होत्याच. या मागणीची दखल घेऊन कलाशाळेत १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग निघाला, आणि व्ही. एन. आडारकर यांच्या नेतृत्वाखाली तो नावारूपास आला. सरकारी शाळेखेरीज खाजगी वर्गही होते. गिरगाव भागातील दंडावतीमठ यांचे नूतन कलामंदिर हे त्यांपैकी एक, गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित तेथे शिकले.

या काळातील चार-पाच चरित्रे शेजारी ठेवून पाहिली असता उमेदवारीचे नियम, जे कोठेही लिहिलेले नव्हते, ते स्पष्ट होऊ लागतात.

सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेतून मध्यप्रांत सरकारची शिष्यवृत्ती घेऊन १९४३ मध्ये मुंबईस निघाले. पोहोचण्यास उशीर झाल्यामुळे जे. जे.मधील प्रवेश हुकला आणि शिष्यवृत्तीही गेली. परत जाण्याऐवजी त्यांनी एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत आरेखकाची नोकरी धरली. दिवसा ब्लॉकसाठी आरेखन करावे, सायंकाळी आणि रात्री चित्रे काढावीत, असा क्रम सुरू झाला. त्यांची त्या वर्षांतील मुंबईच्या रस्त्यांची जलरंगचित्रे या क्रमातून निर्माण झाली. टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर यांच्यासारख्या जाणकारांचे लक्ष त्यांच्याकडे वळले, पुढे जे. जे.चे दारही उघडले, आणि १९५० मध्ये ते पॅरिसला गेले. ज्या कारणाने ते मुंबईस आले होते ते कारण नाहीसे झाले असताही शहराने त्यांना ठेवून घेतले. कारण शाळेचे दार बंद असताना कारखान्याचे दार उघडे होते.

पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांची कथा प्रसिद्धच आहे. सिनेमाचे प्रचंड फलक रंगविताना मोठ्या पृष्ठभागावर एका दमात रेषा ओढण्याचा जो सराव झाला त्याचा ठसा त्यांच्या पुढील चित्रांवर उमटलेला अनेक समीक्षकांनी दाखविला आहे. लहान मुलांसाठी खेळणी व सामान यांची आरेखनेही त्यांनी काही काळ केली. गोव्यातील अस्नोड्याहून आलेले रघुवीर मुळगावकर यांनी एस. एम. पंडित यांच्या स्टुडिओत काम केले आणि पुढे स्वतःचा स्टुडिओ थाटला. त्यांची देवदेवतांची चित्रे दिनदर्शिकांमधून मराठी घराघरांत गेली. गोव्याचेच दीनानाथ दलाल यांनी १९४४ मध्ये केनेडी ब्रिजजवळ स्वतःचा स्टुडिओ उघडला आणि १९४५ पासून ‘दीपावली’ हे नियतकालिक चालवून मराठी पुस्तकाच्या व अंकाच्या मुखपृष्ठाला दर्जा मिळवून दिला.

या चरित्रांतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, उमेदवाराला प्रवेश मिळतो तो बहुधा कामाचे नमुने पाहून. परंतु नमुने दाखविण्याची संधी मिळते ती ओळखीवर. गाववाला, नातलग, शाळेतील मास्तर किंवा आधी रुळलेला सोबती यांच्यापैकी कोणी तरी दारापर्यंत नेणारा लागतो. दुसरी, पंडितांकडे शिकलेला उमेदवार पुढे स्वतः स्टुडिओ काढतो, म्हणजे उमेदवारीतून उमेदवारी फुटते; ही परंपरा गुरुशिष्यांच्या वंशावळीसारखी चालते, पण ती कागदावर नोंदली जात नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. शिकण्याच्या काळात पोटाची आणि पथारीची सोय कोठे झाली, यावर पुष्कळ काही अवलंबून असे. गिरगावातील चाळीत नातलगाच्या खोलीतील एक कोपरा, कोकणातील गावकीने भाड्याने घेतलेली सामाईक खोली, गोवेकरांच्या कुडी, महिन्याच्या बोलीने जेवू घालणारी खानावळ, या संस्था कलाशिक्षणाच्या इतिहासात कोणी मोजलेल्या नाहीत. वस्तुतः शिष्यवृत्तीचे काम बहुतांशी यांनीच केले. ज्याला असा कोपरा मिळाला नाही तो गुंडाळी घेऊन परत गेला, आणि परत गेलेल्यांची चरित्रे लिहिली जात नाहीत.

६

स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत जाहिरातसंस्थेला उमेदवारीच्या जागांमध्ये मध्यवर्ती स्थान आले. १९४८ मध्ये मुंबईत कमर्शिअल आर्टिस्ट्स गिल्डची स्थापना झाली. व्यावसायिक कलावंतांची कामे त्यांच्या नावानिशी प्रदर्शनात मांडली जाऊ लागली. ज्या व्यवसायात नाव पुसले जाणे हाच नियम होता तेथे ही गोष्ट लहान नव्हती. जे. जे.मधील व्यावसायिक कलेचा विभागही १९६० च्या आसपास उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था म्हणून उभा राहिला.

मराठी भाषेच्या अभ्यासकाला या कालखंडातील दोन नावे विशेष जवळची वाटतील, कारण दोघांचेही क्षेत्र अक्षर हे आहे. रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) जे. जे.मध्ये शिकले आणि डी. जे. कीमर व पुढे उल्का या जाहिरातसंस्थांत त्यांनी काम केले. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या, पवईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील औद्योगिक आरेखन केंद्रात त्यांनी नंतर अध्यापन केले. जाहिरातीत देवनागरी म्हणजे बहुधा इंग्रजी मजकुराच्या भाषांतराला दिलेले उसने कपडे, अशी स्थिती असताना त्यांनी लेखणीच्या चालीपासून अक्षराचा विचार केला. संगणकावर सर्वत्र आढळणारा ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांच्या हातचा आहे. या टंकात रोज पत्रे लिहिणाऱ्या लाखोंपैकी फारच थोड्यांना त्यांचे नाव ठाऊक असते. राणूजी आरू यांच्या वाट्याला आलेली अनामिकता सव्वाशे वर्षांनंतरही पुरती संपली नाही, असेच यावरून म्हणावे लागते.

दुसरे नाव कमल शेडगे (१९३५–२०२०) यांचे. कलाशाळेची पदविका हाती नसताना टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात काम करीत ते तयार झाले, आणि मराठी नाटकांच्या जाहिरातींतील शीर्षकांना त्यांनी असे रूप दिले की नाटकाचे नाव वाचण्याआधीच त्याची प्रकृती कळावी. जोशी शाळेच्या दाराने आले, शेडगे कारखान्याच्या दाराने. दोघांनाही अक्षर पक्के झाले ते रोजच्या मुदतीत, दुसऱ्याच्या मजकुरावर, गिऱ्हाइकाच्या पसंतीनापसंतीला तोंड देत. शाळेच्या वर्गात चुकलेले अक्षर पुन्हा काढता येते. वृत्तपत्राच्या पानावर ते दुसऱ्या दिवशी सकाळी शहरभर पोहोचलेले असते. ही जबाबदारी ज्याने एकदा अनुभवली त्याची नजर बदलते, आणि नेमके हेच शिक्षण शाळेला देता येत नाही.

७

आतापर्यंत आलेली सर्व नावे पुरुषांची आहेत, ही गोष्ट वाचकाच्या लक्षात आली असेल. याचे कारण केवळ स्त्रियांना शाळेत प्रवेश उशिरा मिळाला एवढेच नाही. अंबिका धुरंधर (१९१२–२००९) आणि अँजेला त्रिंदाद (जन्म १९०९) या दोघी जे. जे.मध्ये शिकल्या व चित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. पहिली महादेव धुरंधरांची कन्या, दुसरी गोव्यात जन्मलेले व जे. जे.मध्ये शिकविणारे ए. एक्स. त्रिंदाद यांची. दोघींनाही शाळेखेरीज जो स्टुडिओ लाभला तो घरात होता. परक्या गावी खोली घेऊन राहणे, रात्री उशिरापर्यंत छापखान्यात थांबणे, अनोळखी माणसाच्या कारखान्यात नमुने घेऊन जाणे या तिन्ही गोष्टी त्या काळच्या मुलीला जवळजवळ अशक्य होत्या. आणि उमेदवारी म्हणजे मुख्यतः या तीनच गोष्टी होत. शाळेचे दार उघडून प्रश्न सुटत नाही, शहराचे दारही उघडावे लागते, याचा हा स्पष्ट पुरावा आहे.

जातीच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. छापखाना आणि टाइपाचा कारखाना यांत पिढीजात लेखनवृत्ती नसलेल्या घरांतील मुलांना शिरकाव मिळाला. गणपत कृष्णाजी आणि जावजी दादाजी ही त्याची ठळक उदाहरणे. किंबहुना अक्षरांचे वाचन ज्या वर्गाची मिरास होती त्या वर्गाला, अक्षरांची घडण करणारे हात बाहेरून मिळाले. परंतु जाहिरातसंस्थांत इंग्रजीचे महत्त्व वाढल्यावर नवी अट निर्माण झाली. गिऱ्हाइकासमोर बोलणारा आणि आत बसून काढणारा असे दोन वर्ग पडले. मराठी शाळेतून आलेल्या कुशल विद्यार्थ्याचा हात स्वीकारला जाई, पण त्याने बोलावे अशी अपेक्षा नसे. भाषेने घातलेली ही मर्यादा कोणत्याही नियमपुस्तकात सापडणार नाही, म्हणून ती अस्तित्वात नव्हती असे मानता येत नाही.

८

१९६१ मध्ये भारतीय संसदेने शिकाऊ उमेदवारांसंबंधीचा कायदा केला. कायद्याच्या मराठी परिभाषेत उमेदवार या शब्दामागे ‘शिकाऊ’ हे विशेषण जोडावे लागले, कारण निवडणुकीच्या राजकारणात उमेदवार हा शब्द तोवर मते मागणाऱ्या माणसाला देऊन झाला होता. त्या विशेषणासोबत आणखी एक शब्द आला, तो म्हणजे विद्यावेतन. शिकणारा माणूस शिकत असतानाही काम करतो आणि त्या कामाचे काही मोल आहे, हे तत्त्व या शब्दाने मान्य केले. परंतु कायद्याचा रोख मुख्यतः यंत्रांच्या कारखान्यांकडे होता. स्टुडिओ आणि जाहिरातसंस्था यांतील उमेदवारी पुष्कळशी रूढीवर चालत राहिली.

आज तिला इंटर्नशिप म्हणतात. आरेखनाचे शिक्षण देणाऱ्या संस्था वाढल्या आहेत, २०२३ मध्ये जे. जे.च्या संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे, आणि काखेतील गुंडाळीची जागा संगणकावरील नमुनासंग्रहाने घेतली आहे. नव्या शब्दातून मात्र एक गोष्ट गळाली. इंटर्नशिप या शब्दात आशा ऐकू येत नाही आणि उमेदीची वर्षेही ऐकू येत नाहीत. त्यामुळे त्या वर्षांचा खर्च कोण सोसतो हा प्रश्नही सहजासहजी मनात येत नाही. जो विद्यार्थी काही महिने विनावेतन शहरात राहू शकतो त्याच्यासाठी दार उघडे आणि जो राहू शकत नाही त्याच्यासाठी बंद, ही जुनी व्यवस्था नव्या नावाखाली चालू राहिली तर तिच्याकडे गुणवत्तेची निवड म्हणून पाहिले जाण्याचा धोका आहे.

मुंबईच्या उपयोजित कलेने मराठी समाजाला पंचांग, शुद्ध ग्रंथ, भिंतीवरचे देव, दिवाळी अंकांची मुखपृष्ठे, नाटकांची नावे आणि संगणकावरील अक्षर दिले. या सर्वांची घडण शाळा आणि कारखाना यांमधील पायवाटेवर झाली. त्या पायवाटेचा इतिहास लिहावयाचा तर प्राचार्यांच्या अहवालांबरोबर छापखान्यांच्या पगारवह्या, खानावळींचे हिशेब, गावकीच्या खोल्यांच्या नोंदी आणि अद्याप हयात असलेल्या जुन्या कारागिरांच्या आठवणी यांकडे वळले पाहिजे. यांतील पहिली तीन साधने नष्ट होत चालली आहेत. चौथे तर माणसाबरोबरच जाणारे आहे. म्हणून नव्या संशोधकांनी कामाचा आरंभ तेथून करणे श्रेयस्कर ठरेल.